परसाकडचं विरजण

बिनतिकिटाचा माणूस खिडकीबाहेर बघतो. हे मला कुणी शिकवलं नाही, तीस वर्षं बसगाड्यांत तिकिटं तपासून कळलं. तपासनीस गाडीत चढला की तिकीट असलेली माणसं त्याच्याकडे बघतात, काही तर न मागता पुढे करतात. नसलेला मात्र बाहेरच्या बाभळी जन्मात पहिल्यांदा दिसल्यासारखा बघत बसतो. मी सगळ्यांना सोडून थेट त्याच्यापाशी जायचो. तीस वर्षांत एकालाही सोडलं नाही, असं मी पाहुण्यारावळ्यांत अभिमानाने सांगतो. आईने ते माझ्या तोंडून शंभर वेळा ऐकलंय. बायको म्हणते, म्हणूनच आपल्याला लोक लग्नाची पत्रिका उशिरा देतात.

निवृत्त झालो आणि संशय घ्यायला माणसं उरली नाहीत. सवय मात्र राहिली. जुळे सोलापुरातल्या आमच्या रो-हाऊसमध्ये मी, बायको, आई आणि आईची कुत्री एवढेच. दूधवाला, पेपरवाला, टाकी भरताना नळाला मोटर लावणारे शेजारी, सगळे तपासून झाले होते. मग मी कुत्रीकडे वळलो. तिच्यात मला काहीतरी खोट दिसत होती, आणि ती खोट तिच्या शी-शूच्या वेळेला दिसत होती.

थोडं मागचं सांगतो. वडील गेले आणि मंगळवेढ्याच्या रानातल्या आमच्या घराला कुलूप लागलं. आई आम्हा दोघा भावांत वाटली गेली: चार महिने माझ्याकडे, चार महिने माळशिरसला थोरल्या दादाकडे. आमच्याकडे याला पाळी म्हणतात. पावसाळ्याच्या तोंडावर ती पहिल्यांदा माझ्या पाळीला आली. टेम्पोतून एक ट्रंक उतरली, एक कॉट उतरली, तिने रानात वाढवलेली तपकिरी, एका कानाने पडकी कुत्री उतरली आणि काळ्या मातीची दोन पोती उतरली.

"माती कशाला?" मी विचारलं.

"तुळशीला. तुमच्या हितल्या मुरमात तुळस जगत न्हाय."

तुळशीच्या कुंडीला अर्धं पोतं पुरे होतं. उरलेलं दीड पोतं आईने स्वतःच्या कॉटखाली सरकवलं. मी त्याची मनात नोंद केली. तपासनिसाने नोंद करावी, लगेच बोलू नये.

कुत्रीला आईने नाव ठेवलं नव्हतं, ती तिला नुसतं 'बाई' म्हणायची. रोज पहाटे आणि दिवस कलताना दोघी मागच्या मोकळ्या प्लॉटवर जायच्या. निघताना आई म्हणायची, "चल बाई, परसाकडं." आमची पिढी बाथरूमला जाते, टॉयलेटला जाते, पोरं वॉशरूमला जातात. आई अजून परसाकडं जाते, आणि घराला परस नसला तरी तिचा शब्द बदललेला नाही. पहाटे पाच मिनिटांत दोघी परत यायच्या, दिवस कलताना जरा वेळ लागायचा. आई पायऱ्या चढतानाच सांगायची, "झाली." बायकोला याचं फार कौतुक. चार महिन्यांत कुत्रीने घरात एक थेंब सांडला नव्हता.

दिवाळीनंतर आईची पाळी बदलली. दादा गाडी घेऊन आला. कुत्रीला नेणं शक्य नव्हतं, कारण दादाच्या वस्तीवर राखणीची दोन दांडगी कुत्री आहेत, त्यांनी हिला एक दिवस जगू दिलं नसतं. आईने कुत्रीच्या डोक्यावरून हात फिरवला, "शाण्यागत ऱ्हा," म्हणाली आणि गाडीत बसली. गाडी हलताना ती आमच्याकडे न बघता पलीकडच्या खिडकीतून बाहेर बघत होती. हे मला दिसलं होतं. पण जाणारं माणूस खिडकीतून बघणारच, असं मी म्हटलं आणि सोडून दिलं.

त्या दुपारपासून कुत्रीने संप केला. भाकरी खाल्ली, पाणी प्यायली, शेपूट हलवलं, पण परसाकडं जाईना. मी तिला आईच्या प्लॉटवर नेली. मग रस्त्याच्या टोकाला नेली, विजेच्या डांबाला नेली, बागेच्या कुंपणाला नेली. ती प्रत्येक दगड नाक लावून तपासायची आणि मग मान वर करून माझ्याकडे बघायची. मी 'परसाकडं' म्हणून बघितलं. मग आईसारखा हेल काढून म्हणून बघितलं. साठीच्या माणसाने मोकळ्या प्लॉटवर उभं राहून मोठ्याने 'परसाकडं, परसाकडं' म्हटलं की स्कूटीवरून जाणाऱ्या बायका वेग वाढवतात, हे त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला बायको तुळशीपुढे निरांजन घेऊन उभी होती. कुत्री आली, कठड्यावर चढली, तुळशीच्या कुंडीत पुढचे दोन पाय ठेवले, मग मागचे दोन ठेवले, आणि दीड दिवसाचं सगळं तिथं मोकळं केलं. बायकोच्या हातातलं निरांजन तसंच जळत राहिलं.  

"अहो," ती शेवटी म्हणाली, "दादांना फोन लावा. आत्यांना परत आणून सोडू दे. नाहीतर ही कुत्री मंगळवेढ्याला सोडून या."

आमच्याकडे सुना सासूला आत्या म्हणतात. आणि मंगळवेढ्याला सोडायचं म्हणजे कुलूपबंद घरापुढे सोडायचं, हे आम्हा दोघांना माहीत होतं. मी फोन लावला.

तिसऱ्या दिवशी आई परत आली. रजा संपवून कामावर रुजू व्हावं तशी उतरली. घरात पाऊल न टाकता आधी कुत्रीला घेऊन मागे गेली, पाच मिनिटांत आली आणि म्हणाली, "झाली." दादा माझ्याकडे बघून हसला. मला हसू आलं नाही. आईच्या चेहऱ्यावर जे होतं ते नुसतं समाधान नव्हतं. पाणी कुठंतरी मुरत होतं.

मी हिवाळाभर गप्प बसलो. संक्रांतीची गड्ड्याची जत्रा उठली, ऊन चढायला लागलं आणि मुलीचा फोन आला की सातवा लागला, बाळंतपणाला ती माहेरी येणार. घरात खोल्या दोन. एकीत आम्ही, दुसरीत आई. बायकोचा मणका दुखतो, वाकून करण्याची कामं तिच्याने होत नाहीत, आणि लेकीला खोली हवी हे म्हणण्यात तिचं काही चुकत नव्हतं. दादा म्हणाला, शिवरात्रीनंतरच्या रविवारी आईला नेतो, या वेळी चांगले पाच-सहा महिने. "तेवढं कुत्रीचं शिकून घे," तो मला म्हणाला. "एका कुत्रीपायी आईची पाळी अडून ऱ्हायली म्हणलं तर लोक हसतील."

आईला आम्ही जेवताना हे सांगितलं. ती "बरं" म्हणाली. ताटातली भाकरी मोडली, पुन्हा मोडली, बारीक तुकडे केले आणि म्हणाली, "पर बाई माज्याबिगर न्हाय जात परसाकडं. तेवढं बघा."

तिथं माझा संशय पक्का झाला. म्हातारीने कुत्रीला तसं शिकवून ठेवलंय. जाणूनबुजून. माळशिरसला जायचं नाही हे तोंडाने म्हणायचं नाही आणि कुत्रीकडून म्हणून घ्यायचं. आता उघडं पाडल्याशिवाय राहणार नाही, असं मी ठरवलं. हातात पंधरा दिवस होते.

मी जुनं टिपण-पॅड काढलं आणि आई कुत्रीला घेऊन निघाली की लांबून मागे जायला लागलो. सुरुवातीच्या नोंदी अशा होत्या: बसण्याआधी तीन वेढे घेते, कधी चौथा. तोंड भिंतीकडे करते. कुणी बघत असलं तर बसत नाही. पेव्हिंग ब्लॉकवर, ओल्या जागेवर, गटाराजवळ कधीच नाही. मुरमावर पाय ठेवून परत घेते. शेजारच्या गुरुजींनी कुत्र्यांना भीती वाटावी म्हणून फाटकाला कुंकवाच्या लाल पाण्याची बाटली टांगली आहे. आमची कुत्री ती बाटली नीट हुंगते आणि पुढे जाते, भीत नाही आणि घाणही करत नाही. गुरुजींचा मात्र कुत्रीवर विश्वास नाही. आता आईच्या मागे पॅड घेऊन फिरणाऱ्या माझ्यावरही नव्हता.

मग मी कुत्रीला रिक्षात घालून जनावरांच्या दवाखान्यात नेली. डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने कुत्रीचं पोट दाबून बघितलं, माझं पॅड वाचलं आणि हसू दाबलं.

"काका, जनावर दोन-तीन महिन्यांचं असताना ज्या जमिनीवर बसतं ना, पुढे तीच जमीन धरतं. ही काळ्या रानातली. तुमचा मुरूम तिच्या पायाला परका. आणि जमिनीपेक्षाही ती नाकाला विचारते. आपला वास लागला की जागा आपली."

मी जमिनीचं लिहून घेतलं. नाकाचं मला विशेष वाटलं नाही. कुंडीत का बसली ते कळलं, कारण कुंडीतली माती मंगळवेढ्याची होती. घरी येऊन आईच्या कॉटखाली बघितलं तर पोती रिकामी. दीड पोतं माती आठ महिन्यांत कुठं गेली? मी रोपवाटिकेतून काळ्या मातीची गोणी आणली, प्लॉटच्या कोपऱ्यात पसरली आणि दुपारी कुत्रीला त्यावर उभी केली. तिने हुंगलं. एक वेढा घेतला. मी श्वास रोखून दुसरीकडे बघत उभा राहिलो. ती मातीवरून उतरली आणि माझ्या चपलेवर हनुवटी ठेवून पडली.

शिवरात्रीच्या आदल्या दिवशी गुरुजींनी मला फाटकाशी गाठलं. इकडेतिकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाले, "राग मानू नका. तुमच्या मातोश्री प्लॉटवर रोज काहीतरी टाकतात. डबीतून चिमूट काढतात आणि टाकतात. मी दोनदा बघितलंय. आमच्याकडे नातवंडं आहेत हो."

करणीबिरणी त्यांच्या मनात होती. माझ्या मनात दुसरंच आलं. डबी म्हटल्यावर मला एकच डबी आठवली: मिश्रीची. आईने आयुष्यभर तव्यावर तंबाखू भाजून, कुटून दातांना लावली. दोन वर्षांपूर्वी गालाच्या आत पांढरा चट्टा निघाला आणि डॉक्टरने मिश्री बंद केली. आईने माझ्यादेखत डबी घासून रिकामी केली होती. आता कळलं. कुत्रीचं निमित्त होतं. म्हातारी परसाकडं म्हणून जाते आणि प्लॉटवर चोरून मिश्री लावते, आणि माळशिरसला वहिनी चोवीस तास डोळ्यापुढे असते म्हणून तिकडं जायचं नाही. सगळं जुळलं. मला राग आला, आणि खरं सांगतो, राग आल्याचं बरंही वाटलं. कित्येक दिवसांनी चोर सापडला होता.

संध्याकाळी मी प्लॉटशेजारच्या अर्धवट बांधलेल्या घराच्या भिंतीमागे जाऊन उभा राहिलो. आई आली. तिने पाठ फिरवली, कमरेची डबी काढली, चिमूट घेतली. वाकली. पडलेलं काही उचलावं तशी खाली हात करून उठली. मला तोंड दिसलं नाही, पण मला दिसायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती न्हाणीत असताना मी तिच्या उशीखालून डबी काढली. पितळेची, झाकणाला पोचा, तीच. आत काळी भुकटी. मिश्रीचा रंग असाच असतो. लहानपणी आईने मलाही दात दुखला की लावलेली आहे, मी चव कशी विसरेन? मी बोट बुडवलं आणि हिरडीला लावलं.

मिश्री नव्हती. खारट होतं, किरकिरीत होतं, आणि मग डबी नाकाशी नेली तेव्हा कळलं की आधी वास घ्यायला हवा होता आणि मग चव. तीस वर्षांच्या अनुभवी तपासनिसाने क्रम उलटा केला होता. त्या दिवशी पाणी येण्याचा वार नव्हता आणि पिंप अर्धं होतं, तरी मी नऊ चुळा भरल्या. न्हाणीतून बाहेर आलेली आई दारात उभी राहून बघत होती.

"काय रं, तोंडाला काय झालं?"

"चहा लई कडक होता," मी म्हणालो.

डॉक्टर मुलीचं नाकाचं वाक्य मला तेव्हा आठवलं. संध्याकाळी पुन्हा भिंतीमागे गेलो आणि या वेळी शेवटपर्यंत बघितलं. आईने पायाने जागा साफ केली. डबीतली चिमूट तिथं टाकली. "परसाकडं," म्हणाली आणि तोंड फिरवून उभी राहिली, कारण बाईला कुणी बघितलेलं चालत नाही. बाईने तीन वेढे घेतले आणि बसली. ती उठल्यावर आईने काटकीने त्या ओल्या जागेच्या कडेची जराशी माती उकरली आणि भिंतीच्या उन्हात तापलेल्या विटेवर पसरली. ती वाळेपर्यंत तिथंच बसून राहिली आणि मग डबीत भरली. कालच्या दह्याचं विरजण आजच्या दुधाला लावावं तसं चाललं होतं. मंगळवेढ्याच्या मातीपासून सुरू केलेलं हे विरजण तिने पोती संपली तरी आठ महिने मोडू दिलं नव्हतं.

विटेवरची माती वाळत असताना ती कुत्रीशी बोलत होती.

"तितं थोरल्याकडं मला काय बी करू देत न्हाईत, बाई. लई चांगली हायती, न्हाय म्हनत न्हाय मी. चूल धरू देत न्हाईत, झाडू धरू देत न्हाईत. बसून ऱ्हावा म्हंत्यात. किती बसायचं मानसानं?"

हे मी ऐकलं, आणि ऐकूनही माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. युक्ती सापडली. शब्दात काही नव्हतं, मायेतही काही नव्हतं, एका चिमटीत होतं. आता आई जाऊ शकत होती.

शनिवारी दुपारी जेवून आई आडवी झाली तेव्हा मी डबीतून एक चिमूट काढली, पॅडच्या कागदात पुडी बांधली आणि कुत्रीला घेऊन निघालो. आईच्या जागेवर गेलो नाही, मुद्दाम पलीकडच्या प्लॉटवर गेलो. पायाने जागा साफ केली, चिमूट टाकली, "परसाकडं," म्हणालो आणि तोंड फिरवलं. मागे पंजांचा आवाज आला. एक वेढा, दोन, तीन. मग आवाज थांबला. मी वळलो तेव्हा ती उभी राहून मागच्या पायांनी माती उडवत होती. सगळं करून मोकळी झाली होती.

मला इतका आनंद झाला की लगेच दादाला फोन करावा वाटलं. पण उद्या तो येणारच होता, आणि संध्याकाळी त्याचा फोनही यायचा होता. सगळ्यांसमोर सांगू म्हटलं. घरी आलो, पंख्याखाली पडलो, झोप लागली.

पाच वाजता आईच्या आवाजाने जागा झालो. "चल बाई, परसाकडं." तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं की कुत्री रिकामी आहे. आलं नाही. मी सवयीने उठलो आणि मागे गेलो, भिंतीपाशी उभा राहिलो.

आईने जागा साफ केली, चिमूट टाकली, तोंड फिरवलं. कुत्रीने हुंगलं आणि तिच्या पायाशी येऊन बसली. आईने वाट बघितली. पुन्हा म्हणाली, "परसाकडं." कुत्रीने शेपूट हलवलं. आईने दुसऱ्या जागी चिमूट टाकली. मग तिसऱ्या. पहिल्यांदा आवाज नेहमीचा होता, मग तो लहान लेकराला समजावतात तसा झाला, मग बारीक झाला. ऊन उतरलं. शाळेच्या रिक्षा येऊन गेल्या. ती अर्धा-पाऊण तास त्या मुरमावर उभी होती, आणि तिचे गुडघे अर्ध्या तासाचे नाहीत हे मला माहीत होतं. डबी उघडून तिने आत बघितलं, बोटाने तळ चाचपला, तशीच हातात धरून ठेवली. मग भिंतीला हात देत खाली बसली, कुत्रीचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि म्हणाली,

"काय झालं, बाई? तुला बी मी नगं झाले व्हय?"

मी भिंतीच्या अलीकडे चार हातांवर होतो. पुढे जाऊन सांगायला हवं होतं की आई, तिला मी दुपारीच नेऊन आणली, ती तुला विसरलेली नाही. मी गेलो नाही. आयुष्यात एवढी माणसं भर गाडीत उभी करून लाजवली, पण स्वतःची लाज मला त्या दिवशी वाटली. कुत्रीने संप केला तेव्हा मी डॉक्टर गाठला, माती आणली, पॅड भरलं. आईने "बरं" म्हणून भाकरी चुरली तेव्हा मी तिला एक प्रश्नही विचारला नव्हता. मी गुपचूप मागे फिरलो आणि तिच्या आधी घरी पोचलो.

आई पायऱ्या चढून आली. हाताने गुडघा दाबत होती. बायकोने नेहमीसारखं विचारलं, "झाली का, आत्या?"

"झाली की," आई म्हणाली.

ती खिडकीबाहेर बघत होती. मी तिचा मुलगा, साठ वर्षं तिला ओळखतो, आणि तिला खोटं बोलताना त्या दिवशी पहिल्यांदा पकडलं. तीस वर्षांची सवय जिभेवर आली होती. मी ती गिळली.

दिवे लागल्यावर दादाचा फोन आला. बायकोने स्पीकरवर लावून टेबलावर ठेवला. आई खाली बसून परातीत शेंगा फोडत होती, चटणीला. कुत्री तिच्या पायाशी पडलेली होती.

"सकाळी दहाला निघतो," दादा म्हणाला. "आईची ट्रंक भरून ठेवा. कुत्रीचं काय झालं? शिकलास का न्हाय?"

परातीतला आवाज थांबला. बायको माझ्याकडे बघत होती. पंधरा दिवस तिने माझं पॅड, माझी गोणी, माझ्या चुळा सहन केल्या होत्या, आणि लेकीची खोली तिच्या डोळ्यांपुढे होती.

"नाही रे दादा," मी म्हणालो. "सगळं करून बघितलं. डॉक्टर झाला, माती झाली. माझ्याबरोबर नाही जात. तिला आईच लागते."

"एवढ्या पंधरा दिवसांत—"

"नाही जात. तू येऊ नको उद्या. लेक येतीय, घरात घाण झाली तर बाळंतिणीला बरं नाही. आई इथंच राहू दे."

फोनवर दादा काहीतरी पुटपुटला आणि हसला. बायकोने मोठा श्वास सोडला. मनात ती कॉट इकडून तिकडे सरकवत असावी. मग म्हणाली, "मग आत्यांची कॉट हॉलमध्ये टाकू. दुसरं काय करणार. तसंही माझ्याने वाकून बाळाची अंघोळ होणार नाही."

"आंगुळ मी घालीन की," आई म्हणाली. "शेक-शेगडी बी बघीन. तुमी निस्तं पानी तापवून द्या."

 शेंगा फोडल्याचा आवाज आला नाही. तिची डबी मांडीवर होती, कधी काढली ते मी बघितलं नव्हतं. तिने झाकण उघडलं, आत बघितलं, बंद केलं. दुपारची एक चिमूट त्यात कमी होती, आणि रोज मोजून विरजण लावणाऱ्या बाईला ते कळणार नाही असं मी समजलो होतो. कुत्री उठून माझ्याकडे आली, माझ्या चपलेचा काठ हुंगला, तिथं दुपारच्या प्लॉटचा मुरूम अजून चिकटलेला होता, आणि परत आईपाशी जाऊन पडली.

मी गुरुजींच्या फाटकाकडे बघत होतो. त्यांची लाल बाटली वाऱ्याने थोडी हलत होती. मी ती फार लक्ष देऊन बघत होतो.

"आरं," आई म्हणाली, "हितं बघ की. खिडकीत काय हाय?"